मिठाचा नमुना पाठ

तपासणीच्या दिवशी वर्गातल्या प्रत्येक मुलाने हात वर करायचा, हा आमच्या शाळेचा नियम मी तिथे जाण्याआधीपासून होता. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. शिक्षकाने फक्त उजव्या हातांना विचारायचे. पाहुण्याला वाटायचे, काय वर्ग आहे, एकाचाही हात खाली नाही. हेडमास्तरांनी मला हे पहिल्याच आठवड्यात सांगितले, आणि तेही पाण्याचा माठ कुठे ठेवलाय हे सांगावे इतक्या सहज. मी तेव्हा वीस वर्षांची होते, ट्रेनिंग नुकतेच पुरे करून आलेली. मला त्यांचा इतका राग आला की दिवसभर मी त्यांच्याशी शब्दही बोलले नाही. वर्ष सरायच्या आत मीही तीच युक्ती वापरली, आणि त्यांच्यापेक्षा वाईट वापरली. आजवर हे मी कुणाला सांगितलेले नाही.

स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षे झाली होती. वडील वारल्यावर मी ठाण्याला टेंभी नाक्याजवळ भाऊ-वहिनींकडे राहत होते. वहिनी वाईट नव्हती, पण ताटात दुसऱ्यांदा आमटी वाढताना ती किंचित थांबायची, आणि ते थांबणे मला कळायचे. त्यामुळे नोकरी लागली तेव्हा मला आनंदापेक्षा सुटका वाटली. शाळा लोकल बोर्डाची, रेल्वेच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात. दोन खोल्या, कौलारू छप्पर, चार इयत्ता आणि आम्ही दोघे शिक्षक. पहिली-दुसरी हेडमास्तरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. गाव सगळे मिठागरांवर राबणारे. रोज सकाळी मी चालत जायचे, आणि खाडीचा वास सुरू झाला की साडीच्या निऱ्या वर खोचायचे.

ट्रेनिंगमध्ये आम्हांला नवे शिक्षण शिकवले होते. शिक्षणाचे केंद्र पुस्तक नव्हे, मूल. मुलाला विचारू द्या, मुलाला करू द्या, त्याच्या घरच्या कामातून त्याला गणित आणि भूगोल शिकवा. माझ्या वहीत ही वाक्ये लाल शाईने अधोरेखित केलेली होती. बरोबरच्या पुष्कळ मुली हे सगळे परीक्षेपुरते पाठ करून मोकळ्या झाल्या. मी मात्र त्यावर मनापासून विश्वास ठेवला. आजही ठेवते. हल्ली मला सभांना बोलावतात, मागे बालकेंद्री शिक्षणाचा फलक लावलेला असतो, आणि पस्तिशीतले कुणी तज्ज्ञ हे सगळे कालच शोधून काढल्यासारखे सांगतात. मला चीड येते. अरे, हे आम्हांला तेव्हाच माहीत होते. नुसते माहीत असून काही होत नाही, एवढेच तुम्हांला अजून कळायचे आहे.

त्या गावात पौष लागला की वर्ग रिकामा होऊ लागायचा. मिठाचा हंगाम सुरू व्हायचा, आणि टोपली उचलू शकेल ते प्रत्येक मूल आगरावर जायचे. पावसाळ्यात ती परत यायची, तोवर शिकलेले विसरून गेलेली असायची. म्हणून चौथीत एक मुलगी अकरा वर्षांची होती. काळीसावळी, काटक, ओढणीसारखे एक जुनेर कमरेला घट्ट बांधलेली. दोन वर्षे मागे पडली होती, पण तिला प्रश्न पडायचे. तिथी वाढते तशी भरती उशिरा का येते, नकाशात आपली खाडी निळी का, आपली तर मातकट आहे. विचारताना ती उभी राहायची आणि उत्तर पटेपर्यंत खाली बसायची नाही. मला अशीच मुलगी हवी होती. खरे सांगायचे तर, माझी लाल शाईची वाक्ये खरी आहेत याचा ती एकमेव पुरावा होती.

मार्गशीर्षात मी वर्ग घेऊन मिठागरावर गेले. हेडमास्तरांनी नाक मुरडले, पण अडवले नाही. त्या दिवशी शिक्षिका ती होती आणि विद्यार्थिनी मी. उधाणाचे पाणी आत कसे घेतात, ते आधी मोठ्या तळ्यात आणि मग उथळ खाचरांत कसे फिरवतात, हे तिने बांधावरून चालत दाखवले. शेवटचे वाफे तेव्हा तयार होत होते. बाया एकमेकींचा खांदा धरून रांगेत उभ्या होत्या आणि ओला चिखल पायांनी तुडवत होत्या. हे काम दिवसचे दिवस चालते. तळ घट्ट झाला नाही तर चिखल पाणी पिऊन टाकतो आणि मीठ धरत नाही. तिने मला चपला काढायला लावल्या आणि वाफ्यात उभे केले. माझी टाच रुतली. ती हसून म्हणाली, अजून झाला नाही. टाच रुतायची थांबते तेव्हा वाफा तयार.

रांगेत तिची आईही होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल, टाचांना उभ्या भेगा, आणि त्या भेगांत खारे पाणी. तिने माझ्याकडे पाहिले आणि पाय न थांबवता मान हलवली.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही वाफ्याचे क्षेत्रफळ काढले, पावलांनी मोजून. गणिताला घाबरणारी मुले त्या दिवशी पाटीवरून डोके वर काढीनात. इतका सुंदर दिवस मला पुन्हा नोकरीत लाभला नाही. तो मी मुद्दाम इथे सांगितला, कारण पुढे जे झाले ते मला काही ठाऊक नव्हते म्हणून झाले, असे कुणाला वाटू नये.

पौष लागताच आई मुलीला न्यायला आली. मी शाळेच्या पायरीवर तिच्याशी तासभर बोलले. ही मुलगी चौथी पास होईल, मग मी तिला ठाण्याच्या मुलींच्या शाळेत घालते, माझ्याबरोबर येईल-जाईल, पुढे माझ्यासारखी मास्तरीण होईल, असे सगळे सांगितले. आईने शांतपणे ऐकले. पोरगी हुशार आहे म्हणता ते खरे कशावरून, असे तिने विचारले. तिला वाचता येत नव्हते, तिने ताडून तरी कशाशी पाहावे? शेवटी तिनेच तोड काढली. फाल्गुनात तपासणीला मोठे साहेब येतात असे तिने ऐकले होते. तोवर पोरीला शाळेत ठेवते, साहेबांसमोर तिची हुशारी दिसली तर पुढेही ठेवते, नाहीतर आगरावर. मला हे इतके सोपे वाटले की मी हसले.

आठवडाभरात पत्र आले. शाळातपासणीस, ज्यांना सगळे दिपोटी म्हणायचे, ते येणार होते आणि येताना आसपासच्या शाळांचे शिक्षकही आणणार होते. नव्या पद्धतीचा नमुना पाठ मी घ्यायचा, विषय परिसरातला हवा, आणि मुलांनी स्वतः प्रश्न विचारले पाहिजेत, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. हेडमास्तरांनी पत्र दोनदा वाचले. मग चष्मा पुसत म्हणाले की ठीक आहे, मग प्रश्न वाटून टाकू.

मी म्हटले, वाटायचे कसे? प्रश्न मुलांना पडायला हवेत. ते हसले. तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत, ते म्हणाले. पाठ फसला तर साहेब शेरा मारतील, आणि तसा शेरा बसलेल्यांना दूर जंगलात, मोखाड्याकडे पाठवतात. एकटी मुलगी तिकडे जाऊन राहणार कुठे? हे ते धमकी म्हणून बोलले नाहीत. त्यांना माझी काळजी होती, आणि म्हणूनच ते मला खरे वाटले. माझा भाऊ मला मोखाड्याला एकटी पाठवणार नव्हता. म्हणजे नोकरी सुटणार, आणि मी पुन्हा वहिनीच्या ताटावर.

विषय ठरला मीठ. मिठागरावरच्या मुलांना मीठ शिकवायचे, यात कुणालाच काही वावगे वाटले नाही. हेडमास्तरांनी पुस्तकातून पाठ काढून दिला. बारा प्रश्न बारा मुलांना वाटले आणि रोज दुपारी तालीम सुरू झाली. एक मुलगा उठायचा आणि विचारायचा, बाई, मीठ कसे तयार होते? मी कौतुकाने म्हणायचे, छान प्रश्न विचारलास. मग सांगायचे की समुद्राच्या पाण्यापासून सूर्य आणि वारा मीठ तयार करतात. सुरुवातीला मला शरम वाटली. चौथ्या-पाचव्या दिवशी मी कुणाचा स्वर कुठे वर जायला हवा हे सुधारत होते.

त्या मुलीलाही एक प्रश्न दिला होता, मिठाचे उपयोग कोणते, असा. तो ती नीट विचारायची. पण सूर्य आणि वाऱ्याचे वाक्य आले की तिला राहवत नसे. ती उभी राहायची.

"बाय, आनि आमी?"

पहिल्यांदा मी म्हटले, बरोबर आहे तुझे, पण आज एवढेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांना म्हणाले की तुडवण्याचा भाग आपण पाठात घालू या ना. ते म्हणाले, पुस्तकात नाही ते साहेबांसमोर कशाला? त्यांनी विचारले हे कुठून आणले, तर काय सांगणार? उद्या ही पोरगी मजुरीचे आणि पायाच्या भेगांचेही काढील, सोबत आगराचे मालक बसलेले असतील. तिचा प्रश्न दुसऱ्या कुणाला द्या आणि तिला डावा हात सांगा.

मी सांगितला. शाळा सुटल्यावर तिला थांबवले आणि म्हटले की त्या दिवशी काहीही विचारले तरी तू डावा हात वर करायचा. तिने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले.

"मना येतंय तरी?"

"हो. त्या दिवसापुरता."

तिने का म्हणून विचारले नाही. दर गोष्टीत का विचारणारी ती पोरगी, आणि नेमके तेव्हा तिने विचारले नाही. मला हायसे वाटले. तिच्या आईशी केलेला करार मी विसरले होते का? नव्हते. मी स्वतःची समजूत घातली होती की पाठ चांगला झाला की साहेबांना बाजूला घेऊन तिच्याबद्दल सांगीन. पाठ आधी, पोरगी मागून.

तपासणीच्या दिवशी अंगण सारवून रांगोळी काढली होती. आगरावर गेलेली मुलेही हेडमास्तरांनी तेवढ्यापुरती बोलावून आणली होती. दिपोटी साहेब पांढऱ्या टोपीत, मृदू बोलणारे, खरोखरच चांगले गृहस्थ होते. मागे पंधरा-वीस शिक्षक, गावातले आगरमालक, आणि खिडक्यांशी बायका. त्या तासाभराची सुटी मागून थेट कामावरून आलेल्या. डावीकडच्या खिडकीत तिची आई उभी होती. मुलगी त्याच खिडकीखाली बसली होती.

पाठ उत्तम झाला. बाराच्या बारा प्रश्न बिनचूक पडले. मी प्रश्न टाकला की तीस हात वर जायचे आणि मागून शिक्षकांची कुजबूज ऐकू यायची. सूर्य आणि वाऱ्याचे वाक्य आले. मी तिच्याकडे पाहिले नाही. ती उठली नाही. मला वाटले, सुटले.

साहेब मात्र खरेच मुलांकडे बघत होते. असे बघणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि म्हणाले, "बाई, ती खिडकीखालची मुलगी. मघापासून प्रत्येक वेळी हात वर करते आहे, तिला एकदाही संधी मिळाली नाही. तिला बोलू द्या."

तिचा डावा हात वर होता. कोपर ताठ, बोटे जुळलेली, मी शिकवले होते तशी. ती माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटले असते तर ती उठली असती आणि तिने काय विचारले असते हे मला ठाऊक होते. हेडमास्तरांनी घसा खाकरला. माझ्या तोंडून शब्द निघाले, आणि कुणी ढकलले म्हणून निघाले नाहीत. मीच बोलले.

"ती जरा मंद आहे, साहेब. उगाच गोंधळेल. दुसरीला विचारते."

साहेबांनी समजूतदारपणे मान हलवली. मंद मुलीलाही हात वर करण्याचा उत्साह वाटतो, हे नव्या पद्धतीचेच यश आहे, असे ते मागच्या शिक्षकांकडे वळून म्हणाले. दोघा-तिघांनी ते वहीत लिहून घेतले. मुलीचा हात तसाच वर राहिला. खाली घे असे तिला कुणी सांगितलेच नव्हते. खिडकीकडे मी पाहिले तेव्हा तिथे दुसरी बाई उभी होती.

हेडमास्तरांनी पेढे वाटले. साहेब गडबडीत निघाले आणि त्यांना बाजूला घेऊन सांगायचे ते राहून गेले. राहून गेले असे लिहायला किती बरे वाटते. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशी मी आगरावर गेले. ऊन डोळ्यांत घुसत होते. ती लाकडी फावड्याने मीठ ओढत होती, बांधाकडे, पुन्हा आत, पुन्हा बांधाकडे. पायाला चिंध्या बांधल्या होत्या. आई टोपल्या भरत होती. मी बांधावरूनच म्हणाले की हिला शाळेत पाठवा, परीक्षा दीड महिन्यावर आहे.

आई म्हणाली की ती मंद आहे. भांडायच्या सुरात नाही. पोरीला ताप आहे असे सांगावे तसे.

मी म्हटले, ती मंद नाही. मी खोटे बोलले.

तिने टोपली खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले.

"खोटा तवा बोललाव, का आता बोलताव? मना कसा कलनार?"

मी मुलीकडे वळले आणि विचारले, तुला तरी माहीत आहे ना? तू हुशार आहेस हे तुला माहीत आहे ना? तिने फावडे थांबवले नाही. ती म्हणाली की डावा हात सांगितला तेव्हाच तिला कळले होते. डावा हात न येणाऱ्यांचा. बाईंनी उगाच कशाला सांगितला असता? बाई शिकलेल्या, त्यांना पोरांचे कळते.

म्हणजे तिने तेव्हा का विचारले नाही, ते मला त्या बांधावर समजले. उत्तर तिला मिळाले होते. स्वतःच्या डोक्यात लखलखीत असलेल्या गोष्टीपेक्षा तिने माझा शब्द खरा धरला होता, कारण माझ्यावर विश्वास ठेवायला मीच तिला शिकवले होते.

आईने शेवटी एक रस्ता दिला, आणि तो वाजवी होता. "सायबाला जाऊन सांगा तुमी खोटा बोललाव. त्यो येऊन मना बोलूदे. पोरीला त्याच दिशी धाडते."

मी हो म्हणाले. साहेबांचे ऑफिस ठाण्यातच होते, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. त्या रस्त्याने मी दोनदा गेले. एकदा फाटकापर्यंत पोचले, पट्टेवाल्याने काय काम म्हणून विचारले, आणि मी शाळेत कातलेल्या सुताच्या गुंड्या कुठे जमा करायच्या असे काहीतरी विचारून परत आले. परीक्षा झाली. जूनमध्ये मला कायम केल्याचा कागद आला. त्यावर साहेबांच्या अक्षरात शेरा होता, मुलांना बोलते करणारी शिक्षिका. वहिनीने शेजारी दाखवला.

पुढे त्या शेऱ्यानेच मला त्या गावातून बाहेर काढले. तीन-चार वर्षांनी शिक्षकांच्या उन्हाळी वर्गात नवी पद्धत शिकवायला मला कल्याणला पाठवू लागले. नमुना पाठ तोच, मीठ. तो आता ठरूनच गेला होता. एका वर्षी कल्याणच्या शाळेत मी तो सुरू केला. मुले त्या शाळेची, त्यांची बाई माझ्यासारखीच विशीतली, दाराशी नखे कुरतडत उभी. मागच्या ओळीत दिपोटी साहेब, आता केस पिकलेले. मी प्रश्न विचारला आणि एकदम सगळे हात वर गेले. काही उजवे, काही डावे.

मी त्यांना हे सांगितलेले नव्हते. सांगायची गरजच नव्हती, ही युक्ती काही एकट्या आमच्या शाळेची नव्हती. तिसऱ्या ओळीत एका मुलीचा डावा हात होता, आणि तिचे ओठ उत्तर पुटपुटत होते. मी तिच्याजवळ गेले, तिला उठवले. तिने उत्तर दिले, पूर्ण आणि बरोबर. मग डावा हात का, असे मी हळूच विचारले. "बाईंनी सांगितलंय," ती म्हणाली. दाराशी उभ्या बाईचा चेहरा पांढरा पडला.

सगळे ऐकत होते. साहेब पुढे झुकले होते, त्यांनी कान टवकारले होते. तिथेच बोलता आले असते. त्या पोरीसाठी, त्या बाईसाठी, आणि आगरावरच्या त्या दोघींसाठी, मुलगी तोवर लग्न होऊन गेली असेल तरी. साहेब चांगले गृहस्थ होते, ते उठून त्या आईकडे गेलेही असते.

मी त्या मुलीला म्हटले, छान, बस खाली. मग फळ्याकडे वळले आणि पुढचे वाक्य लिहिले. समुद्राच्या पाण्यापासून सूर्य आणि वारा मीठ तयार करतात. मुलांनी ते उतरवून घेतले. मागे बसलेल्या चाळीस शिक्षकांनीही घेतले.